एकशेवीसचा हट्ट

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचं एक जुनं यंत्र आहे. पत्र्याची पेटी, काचेच्या नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायला रबरी फुगा, एवढाच माझा संसार. एकोणीसशे त्र्याहत्तर साली मी सोलापुरात, अक्कलकोट रोडवरच्या आबासाहेब डॉक्टरांच्या टेबलावर आलो.

डॉक्टर रोज स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसायचे. पण माणूस हट्टी. त्या काळी पुष्कळ डॉक्टर 'शंभर अधिक वय' एवढा दाब चालतो म्हणत आणि म्हाताऱ्यांना तसंच घरी पाठवत. आमचे डॉक्टर त्यावर चिडायचे, ते बरोबरच होतं. पण मग ते दुसऱ्या टोकाला गेले. आलेला प्रत्येक माणूस एकशेवीसवर आणायचाच.

विणकराच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी चंद्रव्वा आली, तेव्हा माझा पारा दोनशेदहावर चढला. वय पासष्ट, डोकं सारखं ठणकायचं. डॉक्टर गोळ्या वाढवत गेले. चार महिन्यांत पारा एकशेवीसवर आला आणि डॉक्टर लेकरासारखे हसले.

तिचा नवरा ईरप्पा हसला नाही. "सायेब, ही उठली की भित धरती. परवा नळावर पडली की."

"चंद्रव्वा, मला का नाही सांगितलं?"

"तुमी आकडा बघून लई खूश हुता. कशाला मोडता घालू म्हटलं."

"खूश डाक्टर हुनार आन् पडनार तू," ईरप्पा म्हणाला. "सायेब, तिला बसवूनच मोजता तुमी. ती काय दिसभर बसून असती व्हय?"

मला पेटीत तोंड लपवावंसं वाटलं. तो आकडा मीच मिरवत होतो ना! डॉक्टरांनी तिला उभं करून पट्टा बांधला. पारा नव्वदवर. मग गोळ्या कमी केल्या, दर आठवड्याला बसवून आणि उभं करूनही मोजलं. एकशेचाळीसच्या आसपास तिचं डोकं दुखेना आणि भिंतही धरावी लागेना. डॉक्टर तिथंच थांबले.

माझा फाटका पट्टा तिनंच चादरीचा तुकडा लावून शिवला. "ह्याला बी कायतरी चांगलं नेसू दे की," म्हणाली.

आता तबकडीचं नवं यंत्र आलंय आणि मी कपाटात पडलोय. माझी धूळ पुसा, नका पुसू. पण घरात कुणाचा दाब वाढला असेल तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू देऊ नका. आणि आकडा उतरला म्हणून सगळे खूश झाले, तर आजीला विचारा, उठल्यावर गरगरतं का. ती लपवेल. तुम्ही डॉक्टरांना सांगा. ते रागावले तर रागावू द्या. राग एका चहात उतरतो, म्हातारीचा मोडलेला खुबा सहज जुळत नाही.