डावीकडची पानं

लेकीला घरात सगळे मुंगीच म्हणतो. भिंत आडवी आली तर वळसा घालेल, पण माघारी फिरणार नाही. सातवीत आहे.

गणिताच्या बाईंनी वर्गाला एक गणित घातलं. फळ्यावर एक ते दहा संख्या. त्यातल्या कुठल्याही दोन पुसायच्या, त्यांच्यातला फरक तिथे लिहायचा. असं एकच संख्या उरेपर्यंत. ती शून्य येईल का? मुदत बारा दिवस. वह्या बघून बाई तिघांना निवडणार आणि वर्षभर स्वतः स्पर्धेसाठी शिकवणार. मुंगीला बाहेरचा क्लास नव्हता. तिचा सगळा जीव त्या तीन जागांत अडकला.

शाळेतून आली की बूटसुद्धा न काढता बसायची. उजवं पान कोरं, डावीकडे पेन्सिलीनं आकड्यांची गर्दी. शेवटी एक उरायचा, नाहीतर तीन, परत एक.

"आज पण नाही?" मी विचारायचे.

"नाही. पण आज वेगळ्या रीतीनं नाही."

सहाव्या दिवशी रडली, आणि रडता रडताच पेन्सिलीला टोक काढलं. तिचे बाबा म्हणाले, "मुंगे, त्या गणितालाही जरा दम खाऊ दे." तिनं मान वर केली नाही.

अकराव्या दिवशी मी तिच्या धाकट्या भावाला, बाळाला भरवत होते, तर समोर येऊन उभी राहिली. "आई, शून्य येणारच नाही. विषम संख्या पाच आहेत. कमी झाल्या तर जोडीनंच जातात. म्हणजे शेवटी एक विषम उरणारच."

गणित मला अर्धंच कळलं. तिचा चेहरा मात्र पूर्ण कळला.

उजव्या पानावर चार ओळी लिहून ती खेळायला पळाली. बाळ झोपलं. टेबलावर वही उघडीच होती. डावीकडची नऊ पानं म्हणजे नुसती खाडाखोड. एक कागद पाण्यानं फुगलेला. एका कोपऱ्यात "मी ढ आहे", खाली "नाही". लहानपणी माझी वही गबाळी म्हणून वर्गभर फिरवली होती, ते आठवलं. मी खोडरबर घेतलं. कागद फाटू नये म्हणून हलक्या हातानं, तासभर, नऊच्या नऊ पानं स्वच्छ केली. चुरा फुंकला, वही दप्तरात ठेवली. बाळ उठायच्या आत लेकीसाठी काहीतरी करता आलं, म्हणून मलाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुंगी दारातच थांबली.

"बाई म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे. मग मला विचारलं, कुणी सांगितलं?" मग, "त्या डावीकडची पानं बघूनच निवडतात. आमच्या वर्गात खोडरबर आणायलाच बंदी आहे."

"मला सांगायचं नाही का, मुंगे?"

"तू माझ्या वहीला हात लावशील हे मला कुठे माहीत होतं?"

बाळाला कडेवर घेऊन मी शाळा गाठली. बाईंना सगळं सांगितलं. वही खिडकीशी तिरकी धरली. "बघा ना, पेन्सिलीचे वळ दिसतायत."

"वळ कुठल्याही वहीत दिसतात, ताई. आणि आईनं खोडलं, हे मी दरवर्षी ऐकते."

निवडलेल्या तीन वह्या टेबलावरच होत्या. वरच्या दोन मी चाळल्या. डावीकडे भरपूर चुका, नीटनेटक्या. दोन्हींत त्याच चुका, त्याच क्रमानं. क्लासवाल्यांना बाईंची रीत ठाऊक होती. त्यांनी मुलांना उत्तराबरोबर चुकाही उतरवून दिल्या होत्या.

"या दोन्ही सारख्याच आहेत, बाई."

त्यांनी बघितलं. मग वह्या मिटून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. "यादी मुख्याध्यापकांकडे गेली. आता मला अडचणीत आणू नका."

घरी आल्यावर मुंगीला मीच म्हणाले, "चुकलं गं माझं."

"हं," ती म्हणाली. बाळाचं पडलेलं टोपडं उचलून माझ्या हातात दिलं आणि आत गेली.

गणितं ती अजून सोडवते. पुस्तकातली, मागच्या वर्षांच्या पेपरातली, कुणी न दिलेली. पण आता पेनानं. मी शेजारून गेले की तिचा डावा तळहात पानावर पसरतो.

"आज पण नाही?" मी विचारते.

ती हात हटवत नाही. मी पुढे गेले की पेन पुन्हा चालू लागतं.