मालकिणीची ओव्हर

आमच्या क्रिकेट लीगमध्ये एक नियम भारी आहे. प्रत्येक सामन्यात एक ओव्हर संघाच्या मालकानं टाकायची, नाहीतर त्याच्या घरच्या कुणीतरी. बाकीचे मालक ती मेहुण्यावर ढकलतात. आमची मालकीण त्या ओव्हरला कुणाला हात लावू देत नाही. मालकीण म्हणजे माझी बायको, जयवंती. सातपाटीत मासळीचा व्यापार करते. सामन्याला साडीवर संघाचा टी-शर्ट चढवते, पाठीवर स्वतःचं नाव. तिला फलंदाज धू धू धुतात, तरी वर्षभर ती त्या ओव्हरची वाट बघते. खोटं कशाला बोलू, मीही बघतो.

गावातली पोरं आमच्या संघामागे वेडी आहेत. सामना बोईसरला असला की जयवंती मासळीचा टेम्पो धुऊन घेते, पोरांना त्यात भरते आणि वडापाव खायला घालून परत आणते. त्यातली किंजल शेजारची, नववीतली. रोज आमच्या अंगणात गोलंदाजी करते. खऱ्या मैदानात एकदा तरी ओव्हर टाकायची एवढंच तिला हवं होतं. आयोजकांना विचारायला गेली, तर त्यांनी हसून वाटेला लावलं. नंतर किती दिवस पोरगी अंगणात फिरकलीच नाही.

फायनलला मालकिणीच्या ओव्हरची वेळ आली आणि जयवंतीनं आपला टी-शर्ट उतरवून किंजलच्या अंगात घातला.

आमच्या कॅप्टन नीलेशचा चेहरा उतरला. "काकी, फायनल हाय!"

"मंग? मी टाकून कोणचा दिवा लावणार हाय?"

आयोजक शैलेश माईक टाकून धावत आला. "घरचंच माणूस पाहिजे. ही तुमची कोण?"

"माझ्या अंगणात खेळते, माझ्या घरात जेवते. अजून काय पायजे? नवऱ्याला इचार."

"घरचीच हाय," मी ठणकावून सांगितलं. जोडीदार कशाला असतो? शैलेश हात झटकत माईककडे परतला.

समोर बोईसरचा धीरज. मैदान गाजवणारा गडी, पण पहिले दोन चेंडू त्यानं अलगद ढकलले. दया आली असणार. जयवंती बाहेरून ओरडली, "ए धीरज, पोरगी म्हणून सोडू नको! मार!"

त्यानं मारला. चेंडू मैदानाबाहेर गेला. किंजलचे डोळे भरले, आणि आपण या पोरीचं हसं केलं असं मला वाटलं. जयवंतीनं फक्त मान हलवली. टाक.

पुढचा चेंडू किंजलनं तसाच धावत येऊन टाकला, पण हळू. धीरजची बॅट आधीच फिरून गेली होती. मधली दांडी गुल! आमची पोरं अशी नाचली की शैलेशला सामना थांबवावा लागला.

चषक मात्र गेला. थोडक्यात हरलो. बक्षीस समारंभ उरकल्यावर बोईसरच्या संघाचे मालक निमेशभाई आले. "जयवंतीताई, खेळाडूंच्या पुढच्या लिलावात ही मुलगी हवी. आयोजकांना मी मनवतो. तुमची हरकत नाही ना?"

घरचं माणूस लिलावात जात नाही, एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. मी तेच म्हणायला तोंड उघडलं. जयवंतीनं माझा हात दाबला.

"येईल लिलावात," ती म्हणाली. "घरची म्हणून ठेवली तर एका ओव्हरवर राहील. लिलावातनं कुणी घेतली तर सगळे सामने खेळंल. पण खिसा भरून या, बोली मी पण लावणार हाय."

किंजल घाबरली. "काकी, आणि मी त्यांच्याकडं गेले तर? तुमच्या विरुद्ध खेळू?"

"तर काय! नीलेशची दांडी उडव," जयवंती म्हणाली. तिनं किंजलच्या अंगातला टी-शर्ट खांद्यावर नीट केला. "नाय उडवलीस, तर मंग माझ्याशी गाठ हाय."