दोन पाळ्यांची गादी

मी एक गादी बोलतेय. कापसाची, निळ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची. वय चार वर्षं. सध्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात भिंतीला टेकून उभी आहे. आम्हाला उभं राहायची सवय नसते, त्यामुळे सगळा कापूस हळूहळू खाली उतरतोय. ते असो. सुरुवातीपासून सांगते.

मला एका गादीवाल्याने आणि त्याच्या बायकोने मिळून शिवलं. तो वरून सुई खुपसायचा, ती खालून ओढून घ्यायची. दिवसभर दोघांची तोंडं वाजत होती, पण टाका एकही चुकला नाही. मला वाटलं, जोडपी अशीच असतात.

मला विकत घेतलं एका बस ड्रायव्हरने. नुकतंच लग्न झालेलं. त्याची बायको रुग्णालयाच्या लाँड्रीत कामाला होती. दिवसाला शेकडो चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या. हाताला वळणच पडलेलं. घरीसुद्धा माझ्यावरची चादर ती इतकी ताणून घालायची की तो दारातूनच विचारायचा, "पेशंटला आत घेताय ना?"

मग ढब्बू झाली. तिला नाव आहे, चांगलं आहे, पण गाल बघितल्यावर कुणाला ते आठवायचं नाही.

ढब्बू सहा महिन्यांची झाली आणि आईची रजा संपली. त्या दिवशी दोघं माझ्या काठावर बसून बोलत होती.

"पाळणाघरात विचारलंस?"

"विचारलं. माझा पगार आला तसा तिकडे जाईल. म्हणजे दुसऱ्यांनी माझी पोर सांभाळावी म्हणून मी दुसऱ्यांच्या चादरी धुवायच्या."

"मग राहा घरी."

"आणि घरभाडं? घरमालकाला तुझ्या बसमधून फुकट फिरवणार आहेस?"

तो हसला नाही. शेवटी तोड तिनेच काढली. तिने रात्रपाळी मागून घेतली.

त्यानंतरची दोन वर्षं मला एकसारखीच आठवतात. ती सकाळी साडेसहाला यायची, तो सातला निघायचा. तेवढ्या अर्ध्या तासात संसार.

"दूध तापवलंय. दोनदा खोकली."

"बरं."

"गॅस संपत आलाय."

"बरं."

एकदा तो बूट घालताना म्हणाला, "काय गं, आपण संसार करतोय की ड्युटी बदलतोय?"

"जा आता, बस चुकेल."

"मीच चालवतो ती. चुकेल कशी?"

तो दाराबाहेर पडेपर्यंत ती माझ्यावर आडवी झालेली असायची. त्याची ऊब जायच्या आत ती पडायची, संध्याकाळी ती उठली की रात्री तो. दोघंही मधोमध झोपायची. त्यामुळे माझ्यात एकच खळगा पडला, दोघांचा मिळून.

तिची झोप कसली? ढब्बू जागी असायची ना. शेजारी वाट्या-चमचे मांडून ती पोरीला बसवायची आणि तिच्या पायावर हात ठेवून डोळे मिटायची. पाय हलला की जाग. दाराला वर, पोरीचा हात पोचणार नाही अशी कडी होती.

एका दुपारी पाण्याचं मीटर बघायला माणूस आला. ती उठली, सही केली, दार लोटलं आणि परत येऊन पडली. कडी लावायची राहिली.

ढब्बू थोडा वेळ बसली. मग माझ्या काठावरून पालथी होऊन, पाय आधी सोडत, खाली उतरली. अनवाणी. दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. तिची जागा आधी कोमट होती, मग गार झाली. मला हे कळत होतं. मला हात नाहीत, मला तोंड नाही. मी नुसती आईला धरून होते, आणि तेच नको होतं.

अर्ध्या तासाने तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू ढब्बूला कडेवर घेऊन आल्या. पोर बसस्टॉपवर उभी होती म्हणे, बाबाची बस यायची म्हणून. काकूंनी आईचा खांदा गदागदा हलवला.

"अगं, पोर कुठाय तुझी?"

आईने डोळे न उघडताच शेजारी माझ्यावर थोपटलं. म्हणाली, "ही काय, इथंच आहे."

काकूंनी ढब्बूला त्या हाताखाली ठेवलं.

आई त्या दिवशी रडली नाही. रात्रपाळीलाही गेली नाही. तो घरी आल्यावर तिने सगळं एका दमात सांगितलं, गॅस संपल्याचं सांगायची तशी.

"कुणीतरी एकाने घरी बसायचं," ती म्हणाली.

"तू म्हणत असशील तर मी बसतो."

"तुझा पगार जास्त."

"फार नाही."

"महिन्याचं दूध येतं तेवढ्यात." मग म्हणाली, "मला पुढच्या महिन्यात सुपरवायझर करणार होते."

"बोलली नाहीस."

"कधी बोलू? साडेसहाला की सातला?"

तिने नोकरी सोडली. तिचा पगार गेला तेवढा भरून काढायला तो जादा ड्युटी करायला लागला. पहाटे जायचा, पोर झोपल्यावर यायचा आणि मायलेकींची झोप मोडू नये म्हणून खाली चटईवर पडायचा. म्हणजे आई घरी बसली आणि बाबा घरातून गेला.

सुट्टीच्या एका दुपारी मात्र दोघं एकदमच माझ्यावर पडली. किती दिवसांनी! दोन्हीकडून घरंगळून खळग्यात एकमेकांवर आदळली.

"सॉरी. लागलं का?" तो म्हणाला.

"नाही."

बसमध्ये धक्का लागल्यावर अनोळखी माणसं बोलतात तसं. मग दोघं आपापल्या काठाला सरकली आणि काठ धरूनच झोपली. पुढे तो रात्री माझ्यावर झोपायला लागला, तरी रोज तसंच.

आता त्यांनी हे घर सोडलंय. लांब, एका खोलीचं, कमी भाड्याचं घर मिळालंय. आज सामान गेलं. तो ड्युटीवर होता, ढब्बू काकूंकडे. टेम्पोवाल्याने खालून विचारलं, "ताई, गादी चढवू का?"

ती माझ्याकडे बघत एक पायरी उतरली.

"नको," ती म्हणाली. "फार रुंद आहे. आम्हाला एवढी लागत नाही."

मला तिचा राग आला नाही. काहीच आलं नाही. टेम्पो गेला.

माझा कापूस दबलाय, पण कापड धड आहे. कुणाला हवी असेन तर खुशाल न्या. फक्त वापरण्याआधी दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवा. या घरात ते कधी जमलं नाही. मला उचलायला दोन माणसं लागतात.