सात गटांचा शोध

माणसामाणसांतल्या संबंधांच्या जाळ्यांचे तज्ज्ञ शाळेत आले तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना चक्क आपली खुर्ची दिली. गणिताच्या बाईंना खुर्चीचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचा जीव गुंतला होता अडखळत बोलणाऱ्या एका पोरीत. सहावीच्या दोन तुकड्या होणार होत्या. ही पोर अख्ख्या वर्गात एकाच मैत्रिणीशी बोलायची, आणि तज्ज्ञांच्या यादीत नेमक्या त्या दोघी वेगळ्या तुकड्यांत पडल्या होत्या.

"प्रत्येक ठिपका म्हणजे एक मूल," तज्ज्ञ पडद्यावर काठी टेकवत म्हणाले. "रेघ म्हणजे बोलणं. रेघा दाट तिथे गट. आम्ही यंत्राला काही सांगितलं नाही, सातही गट त्याने आपणहून शोधले. तेच गट न तोडता दोन तुकड्यांत वाटले."

"हुशार आहे हो," बाई म्हणाल्या. "पहिल्या गटातले हजेरी क्रमांक वाचता का जरा?"

"एक, दोन, तीन..." तज्ज्ञ अकरापर्यंत ऐटीत गेले.

"आणि दुसऱ्या?"

"बारा. तेरा. चौदा." आवाज जरा उतरला.

"मुलांना काय विचारलं होतं?"

"आज कोणाशी बोललात, चार नावं लिहा."

"कधी?"

"सोमवारी. चाचणी संपल्या संपल्या."

"चाचणीला मुलं हजेरीच्या क्रमाने बसतात, दादा. त्या दिवशी बोलणं काय, तर शेजाऱ्याकडे खोडरबर मागणं. आमची ही पोर तर तेही मागत नाही. तिची चिठ्ठी कोरीच असणार."

"रेघ नसलेले ठिपके आम्ही जागा असेल तिथे टाकतो," तज्ज्ञ म्हणाले. "पण रचना सुस्पष्ट आहे, हे तुम्हीही मान्य कराल."

"करते की. जून महिन्यापासून माझ्या हजेरीपटात आहे ती रचना."

मुख्याध्यापक खाकरले. "बाई, याद्या उद्या पालकांना द्यायच्यात. आता ऐन वेळी..."

"मला मधली सुट्टी पुरे."

बाई वही घेऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या. कोण कोणाच्या डब्यात हात घालतंय, कोण कोणासाठी नळापाशी थांबतंय, सगळं लिहीत गेल्या. अडखळणारी पोर जिन्याखाली मैत्रिणीला भराभरा काहीतरी सांगत होती, आणि मैत्रीण घास तोंडात धरून हसत होती. बाईंनी त्या दोन नावांमधली रेघ दोनदा गिरवली.

घंटा होईतो वर्गाचे दोन भाग झाले होते. दोघी एकाच तुकडीत होत्या. मुख्याध्यापकांनी नव्या याद्यांवर सही केली.

तज्ज्ञांनी मात्र वही मागून घेतली. बाईंचं बरोबर आहे की नाही, ते त्यांना यंत्राला विचारायचं होतं.