म्हातारीचा ड्रायव्हर

वल्लरीने माऊस दाबला आणि पडद्यावरच्या यादीत हैबती सगळ्यात खाली गेला.

शरदरावांनी हातातला कप टेबलावर ठेवला. महाडला हायवेलगत त्यांचं ट्रान्सपोर्टचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. २००७ सालच्या त्या उन्हाळ्यात, पुण्याहून सुट्टीला आलेली लेक वल्लरी दुपारभर तिथल्या कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम खेळत बसे. गेममध्ये आपली कंपनी काढायची, गाड्या घ्यायच्या, पगारी ड्रायव्हर ठेवायचे. मग ते गाड्या पळवून कमाई आणतात. तिने त्या ड्रायव्हरांना बापाच्याच माणसांची नावं दिली होती: हैबती, रामा, सुनील.

"हैबती खाली कसा?" त्यांनी जरा नाराजीनेच विचारलं. तिघांत त्याचा हात सगळ्यात चांगला, हे महाडात कुणालाही ठाऊक होतं.

"तुमच्यासारखंच केलंय, बाबा. चांगल्या ड्रायव्हरला सगळ्यात जुनी गाडी. ती हळू जाते, सारखी बंद पडते. फेऱ्याच होत नाहीत, मग तो कमावणार कुठून?"

तिने हैबतीची आणि सुनीलची गाडी बदलून टाकली. गेममधला आठवडा पाच मिनिटांत सरला. हैबती पहिला आला, सुनील तळाला गेला. वल्लरीला त्याचं काहीच विशेष वाटलं नाही; ती चहा करायला आत निघून गेली.

शरदराव मात्र पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या सगळ्यात जुन्या ट्रकला सगळे म्हातारी म्हणत. चौदा वर्षं ती हैबतीकडे होती. कशेडी घाटाच्या चढाला तापायची, निम्म्या वाटेत पाणी मागायची. म्हातारी फक्त हैबतीच्या हाताला मानते, असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत आणि हैबती लाजल्यासारखा खाली बघे. पैसे फेरीवर मिळायचे. बाकीच्यांच्या आठवड्याला तीन फेऱ्या होत, त्याच्या जेमतेम दोन. बरं, हे काही त्यांनी वाईट मनाने केलं नव्हतं. पण चौदा वर्षं चांगल्या हाताची शिक्षा त्या माणसाला भोगायला लावली आणि वर तिला शाबासकी म्हटलं, हे त्या दुपारपर्यंत त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

गेल्याच आठवड्यात हैबती आपल्या गावाहून, उमरठहून, मुलगी आवडी बारावी पास झाल्याचे पेढे घेऊन आला होता. तिला नर्सिंगला घालायची होती, तीन वर्षांची फी कशी जमवावी म्हणून त्याने सल्ला विचारला. आठवड्याला एखादी फेरी जास्त मार की, असं शरदरावांनी हसत सांगितलं होतं. ते आठवून त्यांना आता स्वतःचीच लाज वाटली.

सुनीलचा ट्रक विकून त्यांनी नवा घेतला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. हार घालून झाला, नारळ फुटला. सुनीलच्या मनात किल्ली आपलीच होती, पण शरदरावांनी हैबतीला बाजूला बोलावून ती त्याच्या हातात दिली.

हैबती केबिनमध्ये चढून बसला. क्लच दाबून बघितला, पुन्हा दाबला. एवढा हलका क्लच त्याच्या पायाला माहीतच नव्हता.

"तीन फेऱ्या सहज व्हतील, शेट," तो म्हणाला. "आवडीचं काम झालं म्हनायचं."

शरदराव काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात हैबतीनेच विचारलं, "मंग म्हातारीवर कोन?"

"सुनील."

हैबतीचे हात स्टिअरिंगवरच थांबले. थोड्या वेळाने तो खाली उतरला.

"उतारावर तिचा ब्रेक दोनदा मारल्याबिगर लागत नाय, शेट. कवा तीनदा मारावा लागतो."

"तू शिकव त्याला."

"शिकवून येत नाय ते. पायाला कळाया लागतं." त्याने पलीकडे उतरल्या चेहऱ्याने उभ्या असलेल्या सुनीलकडे पाहिलं. "त्याच्या घरात यंदा पाळना हलायचाय."

त्याने किल्ली परत शरदरावांच्या हातात ठेवली. आवडीला पुढल्या वर्षाचं सांगतो, एवढंच म्हणाला.

म्हातारीला भंगारात घालतो, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. शरदरावांनी तो घेतलाही. पण फाटकाशी म्हातारी माल भरून उभी होती आणि माल संध्याकाळच्या आत चिपळूणला पोचवायचा होता.

"बरं," ते म्हणाले.

मग त्यांनी सुनीलला हाक मारली. ती मारताना आपला आवाज किती मोकळा लागला, हे त्यांच्या त्यांनाच ऐकू आलं.