म्हातारा हसतो कुठून

गाइडच्या विनोदावर ड्रायव्हरची बायको खळखळून हसली आणि त्याने गिअर असा काही खेचला की अख्खी बस पुढे डुलली.

डोंगरमाथ्यावरच्या त्या प्रसिद्ध सुळक्याला सगळे ‘म्हातारा’च म्हणतात. गाल, नाक, हनुवटी, सगळं जिथल्या तिथे. “बिचारा हजारो वर्षं बायकोची वाट बघतोय,” गाइड माइकवर सांगत होता, “आणि ती आतून ओरडतेय, झालंच, निघालेच!”

हाच विनोद ड्रायव्हरने घरी स्वतःचा म्हणून सांगितला होता, तेव्हा ही बाई म्हणाली होती, “पुरे, जेवा आता.” आणि आज बघा! माल तोच, नुसतं दुकान बदललं.

खरी गोम वेगळीच होती. ड्रायव्हर आयुष्यात कधी वर गेला नव्हता. बस सोडून जाणार कसा? वरचा वारा, कड्याचा कठडा, पायाखालून जाणारे ढग, सगळं गाइडच्या तोंडून ऐकायचं आणि संध्याकाळी बायकोला वाढायचं. तिला वाटे, आपला नवरा डोंगर कोळून प्यायलाय. आज एक सीट रिकामी होती म्हणून ती हट्टाने आली. गाइड कठड्याबद्दल बोलू लागला तशी ती हसायची थांबली, हे त्याने आरशात पाहिलं.

बस थांबली. गाइडने दारात हात पुढे केला. “या वहिनी, जपून. भाऊ, आज तरी येताय का? अहो वहिनी, हे इतक्या वर्षांत एकदाही वर आले नाहीत!”

बायकोने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती वर निघून गेली.

तो पुसलेलीच काच पुन्हा पुसत बसला. वर तिचा पिवळा स्कार्फ दिसत होता आणि त्याला चिकटून गाइडची लाल टोपी. बाकीची माणसं काय मेली आहेत? हिलाच एवढं काय दाखवतोय? त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उद्या घरी आपण तोंड उघडलं की हिला त्या टोपीवाल्याचाच आवाज ऐकू येणार.

सगळ्यांच्या आधी ती एकटीच धापा टाकत परत आली.

“सगळं त्याचंच होतं तर,” ती म्हणाली.

“हो,” तो मान खाली घालून म्हणाला.

“आणि उन्हं कलली की म्हातारा हसतो, असं तुम्ही सांगता, ते? वर विचारलं मी. तो म्हणाला, वहिनी, दगड कुठे हसतो होय? सगळे मला हसले.”

ड्रायव्हर उठला. तिला आपल्या सीटवर बसवलं, बाहेरचा आरसा जरासा वळवला. “इथूनच दिसतं. नाकाखाली बघ. सावली पडलीय ना, तिथे.”

ती बघत राहिली. मग पदराने हसू दाबावं तसं तिने स्कार्फ तोंडाला लावला. “अगं बाई! लबाड कुठला!”

तेवढ्यात लाल टोपी खिडकीशी आली. “काय बघताय वहिनी एवढं?”

तिने हात बाहेर काढला आणि आरसा फिरवून टाकला.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “आमच्या घरातलं आहे.”