उम्म वाइलचा थोरला नर

एका वेतामागे एक पिल्लू द्यायचं आणि तासभर गप्पा मिळवायच्या, हा सौदा इन्साफला स्वस्तच पडत होता. तिच्या गच्चीवर सशाच्या तीन माद्या होत्या, पण नर नव्हता. सशाची मादी आपल्या पिंजऱ्यात आलेल्या नराला चावते. तिलाच त्याच्याकडे न्यावं लागतं. म्हणून इन्साफ मादी टोपलीत घालून चार जिने उतरायची आणि समोरच्या उम्म वाइलच्या गच्चीवर चढायची. मुलं कुवेतला गेल्यापासून एवढंच काय ते तिचं बोलणं.

एकदा जरा लाड व्हावेत म्हणून तिने गुडघे चोळले. "मेले हे जिने!"

"अगं, मग सांगायचं नाही का?" उम्म वाइल कळवळली. "माझ्याकडे दोन नर आहेत. थोरला घेऊन जा कायमचा. दिसतो म्हातारा, पण कामाला वाघ आहे!"

नाही कसं म्हणणार? पुढचे दोन महिने नराने इमानेइतबारे काम केलं. पिल्लं वाढली, पण इन्साफची चौकशी करायला कुणी जिना चढलं नाही.

एका शुक्रवारी तिने नर कापला आणि मुलूखियाच्या भाजीसोबत शिजवला. मांस चिवट होतं; तीन दिवस एकटीच चावत बसली. मग टोपली उचलून ती जिने उतरली.

"तुझा नर गेला गं."

"अरेरे! कशाने?"

"वयच झालं होतं."

"बस, चहा टाकते."

इन्साफला चहा मिळाला, उम्म वाइलला पुन्हा वेतामागे पिल्लू. जीव तेवढा नराचा गेला.